गुडघ्याएवढा पडदा

पाव्हण्या बाई, फाटकापाशी थांबून काय बघलालाव?
पाटी जुनीच हाय. नाट्यगृहातला 'ट्य' वाऱ्यानं गेला,
पोरं आता नागृह म्हणतात. चालतंय.
चावी माझ्याकडं हाय.
मी मन्मथ. एकवीस वर्सं वॉचमन,
त्याआधी पडदा ओढणारा.

उदगिरात ऐकण्यासारखं काय हाय, म्हणता.
तुमच्या कागदावर किल्ला हाय, हे नागृह हाय,
वेळ सकाळी दहा ते सहा.
कुणी लिहिलं देव जाणे.
इथं गाण्याला वेळ नसते बाई, निमित्त लागतं.

बेस्तरवारी दर्ग्यात जावा, रात्रीच्या नमाजानंतर.
रहमतुल्लाची ढोलकी. करंगळी त्याची सरकीच्या मशीनीत गेली,
ठेक्यात तेवढी एक जागा रिकामी राहते.
त्या रिकाम्या जागेसाठी बिदरहून माणसं येतात.
संबळ पाह्यजे तर लग्न धरा,
पिराजी रेणके भेटला तर भेटला.
लेंगी ऐकायची तर होळीला तांड्यावर,
शिव्या खाव्या लागतील, पण सुरात.
देवळात नका जाऊ आरतीला.
तिथं आता मशीन हाय, बटण दाबलं की नगारा, झांज, घंटा,
सगळं एकदम.
नगारा वाजवणारा म्हादप्पा
हात मागं बांधून बाजूला उभा राहतो.
मशीन चुकतंय का बघतो.
चुकत नाही.

या आत. नाकाला पदर लावा, वटवाघळं हायत.
चारशे बारा खुर्च्या, बसण्याजोग्या साठेक.
पाठीवर देणगीदारांची नावं होती,
उंदरांनी आडनावं तेवढी खाल्ली.

उद्घाटनाचं सांगतो.
अनुसया बार्शीकरीण, तिची पार्टी.
मी दोरी ओढली.
पडदा गुडघ्याएवढा वर गेला
आणि अडकला.
कप्पीत सुतळी. खाली पण येईना.
शिट्ट्या, आरोळ्या, व्यवस्थापक माझ्या अंगावर,
आणि तेवढ्यात आतून ढोलकीवर थाप पडली.
बाई थांबलीच नाही.

पाच जोड्या पाय.
पेटीचा भाता, हलणारा.
तुणतुण्यावाल्याचा एक मोजा फाटका, त्यातून अंगठा.
दीड तास चारशे बारा माणसांनी तेवढंच बघितलं.
पहिल्या रांगेतले साहेब लोक वाकून वाकून बघत होते,
मग वाकायचं पण सोडून दिलं त्यांनी.
शिट्टी कधी बंद झाली
ध्यानात आलं नाही.
एक टाच दुखत होती, तिच्यावर वजन देत नव्हती बाई.
तोंड दिसलं असतं तर कळलं नसतं.
एक घुंगरू सुटलं, घरंगळत क रांगेपर्यंत आलं.
कुणी पाय हालवला नाही.

हे बघा, ह्या चावीलाच बांधलंय.
वाजत नाही. आतला खडा गेला.

मला दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला, कप्पी नवी बसली,
मग पुढं सगळे चेहरे पुरते दिसले,
लई दिसले, मोठमोठे.
त्यातला एक पण याद नाही बघा.

तुम्ही बसा. क रांग, सात नंबर,
ती मोडत नाही.
लाइट नाही, दाराचा उजेड पुरे.
म्या म्हणलं, पाव्हण्या बाईला काहीतर दाखवावं,
दोन सालापासून इथं पावती फाटली नाही.
पडद्यामागं गेलो, दोरी धरली,
ओढली.
गुडघ्याएवढीच.

मग पुढं काय करावं सुचेना.
नाचता येत नाही, गाता येत नाही,
चपलेचा अंगठा तुटलेला, खिळा मारलेला.
तसाच उभा राहिलो.

बाई उठल्या नाहीत.
मी पण हाललो नाही.
डाव्या पायाचा अंगठा तेवढा
चपलेवर आपटत होता,
करंगळीची जागा
मोकळी सोडून.